अकरावीचा फॉर्म आणि स्वधर्म

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा फॉर्म दहापर्यंत कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमाने मागतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यायचा, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे सोळाव्या वर्षी मुलाला आपल्या इच्छांचा क्रम पक्का ठाऊक असतो, असं ही यंत्रणा गृहीत धरते. घरची मोठी माणसं एवढं गृहीत धरत नाहीत. ‘काही ठरत नसेल तर सायन्स घे, पुढे कुठेही वळता येतं,’ हा पुण्यातल्या घराघरांतला सल्ला आहे आणि नियमांपुरता तो खराही आहे: बारावी सायन्सनंतर बी.ए.ला जाता येतं, बारावी आर्ट्सनंतर बी.एस्सी.ला सहसा जाता येत नाही. या सल्ल्याची थट्टा करण्याची पद्धत आहे. मला मात्र त्यात एक प्रामाणिक कबुली दिसते, की मुलाचं पुढे काय होणार हे आज कुणालाच माहीत नाही. गोम पुढे आहे. ‘वळता येतं’ म्हणणारेच मुलाला इंटिग्रेटेड क्लासला घालतात, कॉलेज प्रॅक्टिकलपुरतं उरतं, आणि दोन वर्षांनी पोरगी ‘मला इतिहास करायचाय’ म्हणाली की पहिला प्रश्न येतो तो क्लासच्या फीचा.

या गोंधळाच्या तळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. आपलं काम कोणतं, हे ते काम करण्याआधी कळू शकतं का? आपल्या परंपरेत हा प्रश्न स्वधर्माचा. स्वधर्म जन्माने ठरतो, असं उत्तर शतकानुशतकं दिलं गेलं. ते टाकून दिलं हे उत्तमच झालं, पण त्याच्या रिकाम्या जागेवर आपण ‘कल’ आणून बसवला. २०१६ पासून काही वर्षं राज्यात दहावीच्या मुलांची सरसकट कल चाचणी होत असे. जात आणि कल यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, तरी दोन्ही उत्तरांचं गृहीतक एकच: तुमचं काम कुठेतरी आधीच लिहून ठेवलेलं आहे, फक्त वाचता आलं पाहिजे. माझं म्हणणं असं की सोळाव्या वर्षी वाचण्यासारखं तिथे फारसं काही लिहिलेलंच नसतं. चाचणी फार तर मुलाच्या क्षमता सांगेल, आणि ज्या विषयांची गाठ पडली आहे त्यांतला कोणता रुचतो हे सांगेल. भूशास्त्र किंवा भाषाविज्ञान शाळेत कधी भेटलंच नाही, तर त्यांची ओढ चाचणीत उमटणार कुठून?

इरावती कर्व्यांचं उदाहरण पाहा. १९२६ साली त्या फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या. पुढे मुंबईत घुर्यांच्या हाताखाली समाजशास्त्र, मग बर्लिनला मानवी कवट्यांच्या असममितीवर डॉक्टरेट, आणि १९३९पासून डेक्कन कॉलेजात मानवशास्त्र आणि समाजशास्त्राचं काम. ज्या विषयात त्यांनी नाव मिळवलं, त्याची निवड बी.ए.च्या टप्प्यावर झालीच नव्हती. विषय एकातून एक निघत गेले, आणि मराठी वाचकाच्या मनात त्या आहेत ते ‘युगान्त’मुळे, म्हणजे आणखीनच वेगळ्या वाटेने. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. संख्याशास्त्राची पद्धत पारखून घ्यायला त्यांनी प्राचीन आहत नाण्यांची वजनं हाताळली. नाणी हातात आली तशी ती पाडणारे कोण होते हा प्रश्न उभा राहिला, आणि त्यातून ते इतिहासाकडे आले. नाण्यांना हात लावण्याआधी त्यांचा ‘कल’ इतिहासाकडे होता असं म्हणणं म्हणजे निकाल लागल्यावर भविष्य सांगणं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनीही त्याच कॉलेजात गणितही शिकवलं आणि इंग्रजीही, मग इतिहास आणि अर्थशास्त्र.

ही असामान्य माणसं, त्यांचं सामान्यांना काय, असा आक्षेप येईल. पण तो उलट माझ्याच बाजूने जातो. स्वतःचा कल आधी ओळखता येत असता, तर तो सर्वांत आधी या तल्लख माणसांना ओळखता आला असता. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. इरावतीबाई रँग्लर परांजप्यांच्या सुस्थित, शिकलेल्या घरात वाढल्या. ज्याच्या घरी शेत गहाण टाकून हॉस्टेलची फी भरली आहे, त्या मुलाने विषयांतून विषयांत फिरायचं कसं? याला माझ्याकडे सफाईदार उत्तर नाही. एवढंच दिसतं की अनिश्चितता सगळ्यांना सारखीच असते; तिची किंमत मात्र सारखी नसते. म्हणून ‘आधी नीट ठरव’ हा गरीब मुलाला केलेला उपदेश निरर्थक आहे. जे कळणं शक्य नाही ते जाणून घ्यायची जबाबदारी आपण त्याच्या एकट्यावर टाकतो.

धार्मिक मनाचा वाचक गीतेवर बोट ठेवेल: आपला धर्म उणा असला तरी दुसऱ्याच्या चांगल्या आचरलेल्या धर्माहून बरा, असं तिथे स्पष्ट आहे. पण हे कुणाला सांगितलं आहे? द्रोणांकडे शिकून आयुष्यभर धनुष्य वागवलेल्या योद्ध्याला. अर्जुनाचा प्रश्न सोडण्याचा होता, धरण्याचा नव्हता. अजून काहीच न धरलेल्याला ते वचन लावायचं तर ‘आपला’ धर्म कोणता हेच आधी सिद्ध करावं लागेल. टिळकांनीही, मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त, स्वधर्म चातुर्वर्ण्यापुरता बांधून ठेवला नाही, पत्करलेल्या कर्तव्यालाही त्यात जागा ठेवली. विनोबांचं मत याच्या उलट वाटतं. १९३२च्या धुळे तुरुंगातल्या गीता प्रवचनांत ते म्हणतात की स्वधर्म शोधावा लागत नाही, तो जन्मासोबतच येतो. मात्र हेच विनोबा १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले असताना सुरतेला उतरले आणि काशीला गेले. मला यात विसंगती वाटत नाही. जन्मासोबत आईबाप, शेजारी, त्यांचं ऋण हे सगळं येतं. परीक्षेचा विषय येत नाही. गीतेच्या बाहेरही हाच प्रश्न भेटतो. १९४५ साली पॅरिसमधल्या एका व्याख्यानात फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने, युद्धावर जावं की आईजवळ राहावं अशा पेचातल्या विद्यार्थ्याचं उदाहरण घेतलं होतं. भावनेची खोली कृतीतूनच ठरते, तेव्हा कृतीआधी भावनेला कौल लावता येत नाही, असा त्याचा मुद्दा. ईश्वर न मानणारा सार्त्र आणि कर्मयोगी टिळक या एका वळणावर फार लांब नाहीत.

मग ही धरसोडीची वकिली झाली का? नाही. धरसोड करणारा कशातच इतका उतरत नाही की ते काम आपलं नाही हे त्याला कळावं. कोसंबींनी गणित अर्धवट टाकलं नाही. गणित करता करताच ते नाण्यांपाशी पोचले. धरणं जरूरच आहे, फक्त धरलेलं सोडायची वेळ आली तर माणूस मोडू नये. त्यामुळे विषय नक्की नसताना कॉलेज निवडायची कसोटी बदलते. कट-ऑफ किती आणि प्लेसमेंट किती यांच्याआधी, इथे वळता येतं का, हे पाहायला हवं. पुण्यात पाषाणजवळच्या आयसर या विज्ञानसंस्थेत बीएस-एमएसच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला जीव, रसायन, भौतिक आणि गणित चारही करावे लागतात, निवड नंतर. नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनरची रचना आधी स्वायत्त आणि मग संलग्न कॉलेजांत आणली खरी, पण ज्या विषयाचा शिक्षकच कॉलेजात नाही तो मायनर कागदावरच राहतो. तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवून ऑफिसच्या खिडकीशी विचारावं: दुसऱ्या वर्षी विषय बदलला तर किती क्रेडिट धरली जातील, फी किती परत मिळेल, आणि गेल्या वर्षी असं किती जणांनी केलं?