आजार कोणाचा?



पोटाचे पहिले ऑपरेशन असते तेव्हा सारे घर धावपळ करते. तेच पोट दुसऱ्यांदा उघडायची वेळ आली की घरात कुजबुज सुरू होते. "त्यांना आत्ताच काही सांगू नका." सोलापूरला न्यायचे की मुंबईला, हे ओसरीवर ठरते. फॉर्मवर थोरला मुलगा सही करतो. ज्याचे पोट आहे तो आत खाटेवर पडून असतो.

काही आजारांचे नावही आपण ऐकलेले नसते. स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय हा त्यातला एक. बहुतेक वेळा तो अपेंडिक्समधल्या गाठीपासून सुरू होतो आणि पोटात जेलीसारखा चिकट पदार्थ साठत जातो. वर्षाला दहा लाखांत फार तर दोन-तीन जणांना होतो. साफ केला तरी पुन्हा साठू शकतो. शिवाय पहिल्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटलेली असतात, म्हणून दुसरे ऑपरेशन अधिक अवघड जाते. अशा वेळी तरी रुग्णाला विचारायला नको का?

पोप जॉन पॉल दुसरे यांना 13 मे 1981 रोजी रोममध्ये गोळ्या लागल्या. पाच तासांहून अधिक ऑपरेशन चालले. शौचासाठी पोटावर तात्पुरती वाट काढावी लागली. 3 जूनला ते घरी गेले, आणि 20 जूनला विषाणूच्या संसर्गामुळे तापाने परत आले. पोटावरची वाट बंद करण्याचे दुसरे ऑपरेशन लांबवावे, असे काही डॉक्टरांचे मत होते. पोपना ते आताच हवे होते. त्यांनी डॉक्टरांशी चर्चा केली. रुग्णाने आपल्या आजाराचा कर्ता राहिले पाहिजे, नुसते उपचाराचे कर्म होऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. 5 ऑगस्टला ऑपरेशन झाले, 14 तारखेला ते घरी गेले.

तुम्ही म्हणाल, फादर, ते पोप होते. आमचे कोण ऐकतो? खरे आहे. पण 1957 साली पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांपुढे सांगितले ते सर्वांसाठीच होते: रुग्णाने दिल्यावाचून डॉक्टरला त्याच्यावर वेगळा हक्क नाही, आणि असाधारण उपचार घेण्याचे बंधन कोणावर नाही. म्हणजे झेपणार नाही असे दुसरे ऑपरेशन नाकारणे पाप नव्हे.

इथे मात्र एक अडचण आहे. "नको, उगाच खर्च कशाला," असे आजोबा म्हणतात, तो त्यांचा निर्णय की रान विकावे लागेल या धास्तीने आपणच त्यांच्या तोंडून वदवलेला? मला हा प्रश्न सोपा वाटत नाही. ते एकटे असताना, शांतपणे, दोनदा विचारल्याशिवाय तो सुटत नाही.

घरी आल्यावरही तेच चालते. भेटायला आलेले रुग्णासमोर त्याच्या बायकोला विचारतात, "आता कसं आहे यांचं?" त्यालाही काही विचारायचे असते: जड कधी उचलता येईल, पुन्हा साठले तर कळेल कसे, पेरणीपर्यंत रानात जाता येईल का.