माळ फोडण्याआधी

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा शेतकरी त्याच्याकडे संशयाने पाहत. लोखंड जमिनीत विष कालवते, असा समज होता. पण हरळी-कुंद्याने जखडलेल्या काळ्या रानाला तोच नांगर लागू पडला. आज समज उलटला आहे: ट्रॅक्टरला जे फोडता येते ते फोडलेच पाहिजे. पहिल्याला आपण अडाणीपणा म्हणतो, दुसऱ्याला प्रगती. आणि बँक त्यासाठी कर्जही देते.

वीस-बावीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर द्राक्षबागेत, डाळिंबाच्या ओळींत झकास चालतो. कधीच नांगर न लागलेल्या माळावर मात्र इंजिनात जोर असूनही चाके जागच्या जागी फिरतात, कारण गाडीचे वजनच टनाच्या आतले. मग नांगरावर दगड ठेवतात, पुढे तोल राहावा म्हणून बंपरवर घरचा पोरगा बसवतात. फाळ मुळांच्या जाळ्यात नाहीतर खडकात अडकला की ट्रॅक्टरचे तोंड वर उचलते, आणि पोरगा नेमका तिथेच बसलेला असतो. चाकांत पाणी भरता येते, लोखंडी वजने लावता येतात, एकच फाळ जोडून आधी चार बोटे, मग वीतभर असे बेताने उतरता येते. पण त्याला पैसा आणि वेळ लागतो. पोरगा फुकट असतो.

ज्याला तेवढाही धीर नाही तो रोटाव्हेटर घालतो. रान दिसायला भुसभुशीत होते, पण हरळीच्या काड्यांचे शेकडो तुकडे झालेले असतात आणि पाऊस पडताच पेरापेराला नवे फुटवे येतात. उन्हाळ्यात खोल नांगरून, काड्या कडक उन्हात वाळवून वेचायच्या, हे जुन्या माणसांना पाठ होते. आता तणनाशकाची बाटली येते.

पण हा माळ फोडायचाच का? सोलापूर-नगरकडच्या कित्येक माळांवर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. ती वीतभर माती गवताने धरून ठेवलेली असते. गवत गेले की एक-दोन वर्षे बाजरी-मटकी येते आणि मग वळवाच्या सरींबरोबर माती ओढ्याला लागते. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात गवताळ जमिनी फोडल्या, पुढे दुष्काळ पडला आणि १४ एप्रिल १९३५ रोजी धुळीने भरदिवसा अंधार केला. आपल्याकडे तर त्याच गवतावर कोकणातून परतलेल्या धनगरांची मेंढरे पावसाळ्यात चरतात आणि शेतात बसवली की खत देतात. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला, तोही अशाच माळांचा पक्षी.

गवताने पोट भरत नाही, असे दोन एकरवाला म्हणेल. त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पण दुष्काळात चाऱ्यासाठी तोच दारोदार हिंडतो. त्याने आधी कुदळीने चार ठिकाणी खड्डे घेऊन पाहावे. दोन हात माती असेल तर खुशाल नांगरावे, तेही उताराला आडवे. वीतभरात मुरूम लागला तर गवत राखून कापावे आणि ट्रॅक्टरचा हप्ता दुसऱ्यांच्या बागेत भाड्याने चालवून फेडावा.