वंशावळीतून गाळलेली नावे

कुलवृत्तांत लिहिण्याचा उत्साह अलीकडे आपल्या समाजात पुन्हा दिसू लागला आहे. माळव्यात, ग्वाल्हेरीस, बडोद्यास किंवा हैदराबादेस अनेक पिढ्यांपूर्वी येऊन स्थायिक झालेल्या घराण्यांत तो अधिक आढळतो, आणि ते स्वाभाविकच आहे. मूळ गावी राहणाऱ्या माणसाला आपण कोण हे सांगण्यासाठी कागद लागत नाही. गावातले देऊळ, शेताचा बांध आणि शेजारपाजारची म्हातारी माणसे त्याची साक्ष देतात. आपले तसे नाही. होळकरांच्या फौजेमागून नर्मदा ओलांडून जी कुटुंबे आली, किंवा १८१८ मध्ये राजधानी इंदुरास आल्यावर कारकुनी, वैद्यकी, याज्ञिकी यांच्या निमित्ताने जी येथे वसली, त्यांच्या वंशजांना कोकणातले वा देशावरचे मूळ गाव बहुधा नावापुरतेच उरले आहे. गोत्र, कुलदैवत आणि रुमालात बांधून ठेवलेली एखादी जीर्ण वंशावळ, एवढ्यावरच आपली ओळख उभी आहे. म्हणून ती जपावीशी वाटते.

परंतु हे काम हाती घेतले की एक प्रश्न हमखास पुढे येतो, आणि तो नीतीचा प्रश्न आहे. पूर्वजांविषयी जे जे सापडेल ते सारे लिहावे, की सांगण्यासारखे असेल तेवढेच लिहावे?

आमच्या परिचयाच्या एका घराण्यात सध्या हाच पेच पडला आहे. त्यांच्या कुलवृत्तांताचे हस्तलिखित तयार आहे. जुने कागद तपासताना असे आढळले की, पणजोबांना एक धाकटी बहीण होती. ती अकराव्या वर्षी विधवा झाली, आणि पुढे विशीत असताना तिने एका शिक्षकाशी पुनर्विवाह केला. घराने तिचे जिवंतपणी घटश्राद्ध घातले आणि वंशावळीतून तिचे नाव काढून टाकले. मूळ कागदावर त्या जागी शाईचा जाड पट्टा तेवढा उरला आहे. आता तिच्या नातवाला या ग्रंथाची वार्ता लागली. त्याने पत्र लिहून एवढेच विचारले आहे की, ‘आमच्या आजीचे नाव त्यात येणार आहे काय?’ घरातील तरुण मंडळी म्हणतात, यावे. घरातील सर्वांत वडीलधारे गृहस्थ म्हणतात, ‘जे नाव पणजोबांनी स्वतःच्या हाताने पुसले, ते लिहिण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?’ त्या घराने आमचे मत विचारले, त्यावरून हा विचार येथे मांडीत आहोत.

वडीलधाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. पितृऋण फेडू पाहणाऱ्याने पितरांच्याच इच्छेविरुद्ध वागावे, यात विसंगती दिसते खरी. शिवाय मृत माणूस आपली बाजू मांडायला येऊ शकत नाही. तेव्हा त्याचा निर्णय आपण शंभर वर्षांनी फिरवणे, हा एक प्रकारचा उद्धटपणा नव्हे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी वंशावळ ही वस्तू मुळात कशी निपजली, हे पाहिले पाहिजे. आपल्याकडील जुने करीने, महजर आणि कैफियती चाळल्या तर ध्यानात येते की, घराण्याची हकीकत प्रथम लिहिली गेली ती बहुतेक वेळा वतनाच्या तंट्यासाठी. पाटीलकी कोणाची, देशमुखी कोणत्या शाखेकडे, वडीलपणाचा मान कोणाचा, हे सिद्ध करण्यासाठी पिढ्या मोजल्या गेल्या. जेधे करीन्यासारखा इतिहासाला बहुमोल ठरलेला कागदही घराण्याच्या हक्काची हकीकत सांगण्यासाठीच लिहिला गेला. पुढे मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन आले आणि घरोघरच्या सनदांची छाननी झाली, तेव्हाही कागद पुढे आले ते जमीन राखण्याच्या हेतूने. सांगायचे तात्पर्य असे की, वंशावळ ही पहिल्यापासून कोणाच्या तरी हिताची वस्तू होती. ज्याचा वाटा नाकारायचा त्याचे नाव गळत असे आणि ज्याचा हक्क सांगायचा त्याचे नाव ठळक होत असे. तेव्हा ‘पूर्वजांनी लिहिले ते जसेच्या तसे पवित्र’ असे मानता येत नाही. तो त्यांच्या काळच्या गरजेचा कागद आहे.

आमची नोकरी महसूल खात्यात गेली. खातेदार मरण पावला की फौती नामांतरणाच्या प्रकरणाला वंशवृक्ष जोडावा लागतो. तो हाती आला की आम्ही एक प्रश्न नेमाने विचारीत असू : मुली किती? पुष्कळदा उत्तर येई, ‘आहेत दोन, पण त्या सासरी गेल्या.’ १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या वारसांत पहिल्या वर्गात स्थान दिले. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तिला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क दिला, आणि त्या तारखेस वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. सरकारी वंशवृक्षात मुलगी आता गाळता येत नाही. परंतु घरातल्या वंशवृक्षाला कायदा विचारायला जात नाही, आणि तेथे ती आजही गळते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छापलेल्या काही कुलवृत्तांतांनी सुनांची माहेरे आणि मुलींची सासरे काळजीपूर्वक दिली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. तरी तक्ता उघडला की बापाखाली मुलगा आणि मुलाखाली नातू, अशी पुरुषांचीच उतरंड दिसते.

यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. श्राद्धात आपण पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही आणि प्रपितामही यांचीही नावे घेतो. मातामहाकडील पितरांनाही तेथे स्थान आहे. म्हणजे ज्या धर्मविधीला आपण जुनाट म्हणतो, त्याने स्त्रियांना निदान तीन पिढ्या नावाने स्मरणात ठेवले; आपल्या तक्त्याने तेवढेही केले नाही. त्यात आपल्याकडे विवाहानंतर ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिण्याची चाल. माहेरच्या कागदात ती ‘सासरी गेली’ म्हणून नाही आणि सासरच्या कागदात तिचे मूळ नाव नाही. बाई दोन्ही घरची असते असे आपण म्हणतो, आणि दोन्ही घरच्या दफ्तरांत ती अर्धीच सापडते.

स्त्रियांच्या पलीकडेही काही नावे गळलेली आहेत, आणि त्यांच्याविषयी बोलणे अधिक अवघड वाटते. जुन्या सुखवस्तू घरांत कुणबिणी असत. त्यांच्या खरेदी-विक्रीचे उल्लेख पेशवेकालीन कागदांत आहेत. त्यांच्या पोटी झालेल्या मुलांना लेकावळे म्हणत, आणि तीही त्याच पुरुषांची संतती होती. औरसपणाची रेघ ज्यांना अभेद्य वाटते, त्यांनी आपल्याच माळव्याचा इतिहास आठवावा. तुकोजीराव होळकरांचे काशीराव आणि मल्हारराव हे औरस पुत्र; यशवंतराव औरस नव्हते, असे इतिहासकार नमूद करतात. १७९७ मध्ये तुकोजीराव निवर्तल्यावर दौलत सावरली ती यशवंतरावांनी, आणि १८०४ मध्ये इंग्रजांच्या मॉन्सनला माघार घ्यायला लावली तीही त्यांनीच. दत्तकांचेही तसेच. जयाजीराव शिंदे १८४३ मध्ये आणि सयाजीराव गायकवाड १८७५ मध्ये दत्तक म्हणून गादीवर आले. कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा बडोद्याचा महाराजा झाला, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. मग घरच्या वंशावळीत ‘दत्तक’ हा शब्द लिहिताना लेखणी का अडखळावी?

गोमंतकातील घराण्यांत आणखी एक रिकामी जागा आढळते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या अमलात देवळे पडली, मंगेशासारखी दैवते नदीपलीकडे अंत्रुजात गेली आणि त्यांच्यामागून कुळेही गेली. पण काही कुटुंबे मागे राहिली आणि त्यांनी धर्म बदलला. अशा वेळी भाऊभाऊही दोन काठांवर विभागले गेले. पुढच्या पिढ्यांच्या कागदांत एक भाऊ वंशवृक्षाचे मूळ झाला आणि दुसऱ्याचे नावही उरले नाही.

लज्जेला काळाची मर्यादा असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याच कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. आज त्या विवाहाचा उल्लेख टाळणारे कर्व्यांचे चरित्र कोणी वाचील काय? आमच्या परिचित घराण्यातील त्या बहिणीने निराळे काय केले होते?

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आमच्या मते पणजोबांनी संबंध तोडला. जन्म तोडणे त्यांच्या हाती नव्हते. वंशावळ ही गुणवंतांची यादी नसते. अमुक माणूस अमुक आईबापांच्या पोटी जन्मला, एवढीच तिची प्रतिज्ञा असते. माणसाच्या वर्तनाविषयी आपण मत देऊ शकतो, पण त्याचे असणे मान्य करणे वा न करणे हे कोणाच्याच अधिकारात येत नाही. त्या बहिणीचे नाव लिहावे, दोन्ही विवाह लिहावेत, मुलेबाळे लिहावीत. घराने घटश्राद्ध घातले, हेही लिहावे. पणजोबांचा निर्णय हा इतिहासाचाच भाग आहे, तो लपवण्याचे कारण नाही. मात्र त्यांनी तो क्रूरपणाने घेतला की समाजाच्या धाकाने, याविषयी त्यांचे स्वतःचे पत्र नसेल तर एक अक्षरही लिहू नये. मृताला उत्तर देता येत नाही, ही सबब येथे लागू पडते. कृती नोंदावी; हेतू अंदाजाने चिकटवू नये.

याचा अर्थ सर्वच गोष्टी छापाव्यात, असा नाही. एखाद्या घरात वेडाचा विकार असतो, कोणी जीव दिलेला असतो, कोणावर फौजदारी झालेली असते. त्यांची मुले, नातवंडे आज हयात असतात. पूर्वजांविषयीच्या सत्याचे मोल जिवंत माणसाच्या मनःस्वास्थ्याने चुकते करणे योग्य नव्हे. अशा मजकुराला हयात व्यक्तींची संमती हवी, आणि संमती नसेल तर थांबावे. पण थांबणे आणि नष्ट करणे यांत फरक आहे. सरकारी दफ्तरात काही नस्त्या गोपनीय म्हणून मोहोरबंद ठेवतात, त्या जाळीत नाहीत. घराण्यानेही तसेच करावे. पाकिटावर ‘अमुक वर्षापर्यंत उघडू नये’ असे लिहून ते विश्वासू माणसाकडे सोपवावे. आज ज्याला काडीची किंमत नाही, अशा एका शब्दाला उद्या किती वजन येईल हे सांगता येत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा निजामकालीन आणि मोडी कागदांसाठी कशी धावाधाव झाली, ते आपण पाहिले. ज्यांनी ते कागद जपले त्यांना त्या उपयोगाची कल्पनाही नव्हती.

गाळण्याइतकाच दुसरा दोष भर घालण्याचा आहे. आमच्या भागात जो तो आपला मूळ पुरुष ‘मल्हाररावांबरोबर आलेला सरदार’ असल्याचे सांगतो. एवढे सरदार आले असते, तर त्यांचे हिशेब लिहायला, घोड्यांना दाणावैरण घालायला आणि पंगतीला वाढायला कोण आले होते? कारकून, शागीर्द, आचारी आणि पाणक्ये यांचेही वंशज येथेच आहेत, आणि परमुलखात प्रामाणिकपणे पोट भरून ज्याने पुढची पिढी शिकवली, तो मूळ पुरुष कोणत्याही सरदाराहून कमी मोलाचा नाही. ऐकीव गोष्ट ‘ऐकीव’ म्हणूनच लिहावी. कोणी सांगितली, कधी सांगितली, कोणत्या कागदावरून घेतली, हे प्रत्येक नोंदीखाली द्यावे. त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या यासाठी अवश्य पाहाव्यात. त्या आपल्या घरच्या ताब्यात नसल्यामुळे तेथे आपल्या वडीलधाऱ्यांचा खोडण्याचा हात पोहोचलेला नाही.

जुन्या कागदांना चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये बंद करू नये, आणि मोडी वाचणारा माणूस मिळताच लिप्यंतर करून घ्यावे. प्रत्येक कागदाचे छायाचित्र घेऊन प्रती निदान तीन घरी ठेवाव्यात, त्यांपैकी एक लेकीच्या घरी असावी.

राहिला त्या नातवाच्या पत्राचा प्रश्न. उत्तर देणे त्या घराच्या हाती आहे, आणि हस्तलिखित अद्याप छापखान्यात गेलेले नाही. मात्र पुस्तक एकदा छापून झाले की पुढच्या पिढ्या त्यालाच प्रमाण मानतील. मूळ कागदावरचा शाईचा पट्टा निदान तेथे कोणी होते एवढे तरी सांगतो. छापील पानावर तोही राहणार नाही.