तलवार वाकली कधी?

घोड्यावरून वार करायचा म्हणून तलवार वाकडी झाली, असं सर्रास सांगितलं जातं. स्टेपच्या गवताळ मैदानांतल्या कबरी मात्र निराळी हकिगत सांगतात. घोडेस्वारीत ज्यांचा दबदबा होता ते सिथियन लोक ‘अकिनाकेस’ नावाची आखूड, सरळ, दुधारी तलवार कमरेला बांधत. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या हिरोडोटसने लिहून ठेवलंय, की लाकूडफाट्याच्या प्रचंड ढिगावर रोवलेल्या अशाच जुन्या लोखंडी तलवारीला ते युद्धदेव मानून बळी देत. पुढे सार्मेशियनांच्या आणि हूणांच्या तलवारी लांब झाल्या, पण वाकल्या नाहीत.

म्हणजे हजारभर वर्षं घोडा होता, तलवार होती, वाक नव्हता.

बदल दिसू लागतो तो इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकांत. अवार या भटक्या घोडेस्वार टोळ्यांच्या कबरींत सरळच, पण एकधारी पाती सापडतात. एक बाजू जाड पाठ म्हणून राखली, की पातं अरुंद करूनही दणकट राहतं. लोखंडी रिकिबीही युरोपात अवारांबरोबरच आल्या आणि स्वाराला पाय रोवून वार करता येऊ लागला. पुढे मूठ धारेच्या बाजूला किंचित कलली, पात्याला हलका बाक आला. बाकदार पातं अंगात रुतून बसण्याऐवजी कापत सरकतं. भरधाव स्वाराला तेच हवं असतं.

हा टप्पा व्हिएन्नाच्या राजकोषात डोळ्यांनी पाहता येतो. तिथल्या ‘शार्लमेनच्या तलवारी’चा बाक अगदी सौम्य आहे, मूठ मात्र ठळकपणे कललेली. सम्राट शार्लमेन 814 साली वारला आणि ही तलवार बहुधा त्यानंतरची, मग्यार (हंगेरियन) कारागिरांच्या हातची. सम्राटाच्या नावावर जमा झालेलं हे श्रेय त्या अनाम भटक्या कारागिरांना परत मिळायला हवं.

तुर्की योद्ध्यांबरोबर हा बाक इस्लामी जगात शिरला. तेराव्या शतकातल्या मंगोल स्वाऱ्यांनंतर तो तिथे रुळला आणि पुढे अधिक खोल झाला. तरीही घोडा आणि वाक यांचं नातं अटळ नव्हतं. मराठे स्वार पुढे सतराव्या शतकातही युरोपी पात्याची लांब, सरळ फिरंग आवडीने वापरत होते.