दुसऱ्याच्या कायकावर लावलेला भाव

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत संक्रांतीच्या रात्री होम मैदानावर होमविधी झाला की भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं देशमुखांचं वासरू पुढे आणतात, त्याच्यासमोर धान्य, गूळ, खोबरं, विड्याची पानं मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बुजतं की शांत उभं राहतं, मूत्रविसर्जन करतं की नाही, यावरून येत्या वर्षाचा पाऊस आणि बाजारभाव सांगितले जातात. त्याच दिवसांत अक्कलकोट तालुक्याच्या कर्नाटक सीमेवरच्या दुधनीत नव्या तुरीची आवक सुरू असते, त्यामुळे पुढे भाव काय राहील हा प्रश्न तिथल्या माणसासाठी पोटाचा असतो. दुसरं एक भाकीत अलीकडे मोबाइलवर मिळू लागलं. काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट या व्हिडिओ गेमच्या व्यावसायिक सामन्यात अमुक संघ जिंकेल का, एवढाच प्रश्न. ‘हो’चा भाव साडेसहा रुपये, ‘नाही’चा साडेतीन, आणि ज्याचं खरं ठरेल त्याला दहा. म्हणजे लावणाऱ्यांच्या मते त्या संघाची जिंकण्याची शक्यता शंभरात पासष्ट. ‘ओपिनियन ट्रेडिंग’ या नावाने असले सौदे आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टपर्यंत उघडपणे चालत होते, परदेशात आजही चालतात. दोन्हीकडे माणूस उद्याचंच विचारतो आहे. मग एकाला आपण यात्रेचा विधी म्हणतो आणि दुसऱ्याला जुगार, यामागे सवयीपलीकडचं काही कारण आहे का?

कारण आहे, पण ते सहसा सांगितलं जातं ते नव्हे. हा भाव म्हणजे निव्वळ नशिबाचा खेळ, असं म्हणून भागत नाही. खिशातले पैसे लावायचे म्हटलं की माणूस आवडत्या संघाचं प्रेम बाजूला ठेवून विचार करतो. पहिला मॅप, म्हणजे पहिला डाव, हातचा गेला की क्षणात भाव खाली येतो. जिथे उलाढाल मोठी आहे, तिथे पासष्टचा भाव मिळालेले पुष्कळ सामने एकत्र पाहिले तर साधारण तेवढेच खरे ठरतात. अचूकपणाच पाहायचा तर वासरापेक्षा हा आकडा कितीतरी सरस आहे, हे सरळ कबूल करावं. भविष्य देवाच्या हाती, माणसाने त्यात डोकावू नये, हा आक्षेपही टिकत नाही, कारण यात्रा स्वतःच डोकावते. फरक आहे तो ऐकणारे कुठे उभे असतात यात. पाऊस चांगला पडला तर मैदानावरच्या साऱ्यांचंच भलं होतं, भाकीत खरं ठरल्याने कुणी कंगाल होत नाही. दहा रुपयांच्या सौद्यात मात्र साडेसहा एकाचे असतात आणि साडेतीन दुसऱ्याचे. त्या दोघांतला एक चुकल्याशिवाय दुसऱ्याला दमडी मिळत नाही, आणि मधला चालक आपला वाटा काढून घेतोच.

ज्या सिद्धरामांची ही यात्रा, त्यांच्याच परंपरेत यावर विचार करायची कसोटी आहे. सोन्नलिगेत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळं खोदवणारे सिद्धराम पुढे बसवण्णांच्या शरणमंडळात गेले, आणि त्या मंडळाने बाराव्या शतकात कायक आणि दासोह हे दोन विचार जोडीने मांडले. भाकरी स्वतःच्या श्रमाची असावी, आणि त्या श्रमाचं फळ इतरांपर्यंत पोहोचावं. यावर कुणी म्हणेल, पैसे लावणाराही श्रम करतो: खेळाडूंचा फॉर्म पाहतो, जुने सामने पुन्हा पुन्हा बघतो, रात्र जागवतो. कबूल. पण नुसता घाम गाळला म्हणजे कायक होत नाही. हमालाने उचललेलं पोतं गाडीत चढतं, विणकराची चादर कुणाच्या तरी अंगावर जाते, खेळाडूच्या कौशल्याने हजारोंची संध्याकाळ रंगते. लावणाऱ्याच्या अभ्यासातून समोरच्याच्या तोट्याखेरीज काय उरतं? तो आकडा उरतो, असं उत्तर येईल. पण पावसाचा अंदाज ऐकून शेतकरी पेरणी ठरवतो, सामन्याचा अंदाज ऐकून कुणी काय पेरायचं? त्याचा उपयोग पुढच्या लावणाऱ्यालाच.

सगळ्यांत अवघड आक्षेप तुरीच्या बाजारातूनच येतो. आडत्या आणि डाळमिलवालाही अंदाजच करतात, भाव चढेल म्हणून माल धरून ठेवतात. मग ते कोणतं पुण्य करतात? सट्टेबाजीने भाव भडकतात असा ओरडा झाल्यावर जानेवारी २००७ मध्ये तुरीचा वायदेबाजार थांबवला गेला, तोही याच शंकेपोटी. माझं उत्तर असं की तुरीचा भाव पडण्याची जोखीम पेरणीपासूनच शेतकऱ्याच्या मानगुटीवर बसलेली असते. माल विकत घेणारा ती आपल्या अंगावर घेतो. सामना पाहणाऱ्याच्या डोक्यावर अशी जोखीम नसतेच, पैज ती नव्याने पैदा करते. ही रेघ सगळीकडे ठळक नाही, हे खरं. तुरीचा दाणाही न पाहता नुसते करार फिरवणारा माणूस आडत्यापेक्षा पैज लावणाऱ्याला जवळचा आहे, आणि कायकाच्या कसोटीवर त्यालाही उत्तर द्यावं लागेल.

पण खरं नुकसान त्याहून खोल आहे, आणि ते खेळणाऱ्याच्या बाजूला होतं. दक्षिण कोरियात स्टारक्राफ्ट हा खेळ दूरचित्रवाणीवर लोक आवडीने पाहत. तिथे २०१० मध्ये सामने मुद्दाम हरल्याचं प्रकरण उघडकीस आलं आणि ११ खेळाडूंवर कायमची बंदी आली. त्यांत मा जे-यून हा नावाजलेला माजी विजेता होता. पुढे २०१४ चा जगज्जेता ली सुंग-ह्यून पैसे घेऊन सामने हरल्याबद्दल २०१६ मध्ये न्यायालयात दोषी ठरला. दोघेही कसबी होते, आणि कसबी होते म्हणूनच सापळ्यात सापडले. ज्याच्या जिंकण्याची बाजाराला खात्री, त्याच्या हरण्याला सर्वांत जास्त मोल. बाहेर लावलेली रक्कम बक्षिसाहून मोठी झाली की चांगलं खेळणं खेळाडूला तोट्याचं ठरू लागतं. कर्म करताना फळावर नजर ठेवू नये, ही शिकवण आपण ऐकत आलो. इथे तर परक्यांनीच आपल्या फळाची ओढ कर्त्याच्या हातात घुसवलेली असते. वासराच्या भाकिताने पाऊस बदलत नाही, लावलेल्या भावाने मात्र सामना बदलू शकतो. म्हणून ‘पैसे माझे, बुडाले तर मी बघेन’ हे समर्थन मला अपुरं वाटतं. पैसे त्याचे असतील, सामना त्याचा नाही. तो कुण्या विशी-बाविशीतल्या पोरांच्या वर्षानुवर्षांच्या सरावातून उभा राहिलेला असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान देतो, बक्षिसांनाही मोकळीक देतो, आणि पैसे लावायचे खेळ व सौदे चालवण्यावर बंदी घालतो. रेघ बरोबर जागी पडली आहे. पण कायद्याने दिलेली कारणं व्यसन, कर्जबाजारीपणा, काळ्या पैशांची फिरवाफिरव अशी आहेत. त्यांत खोटं काही नाही, तरी उद्या एखादी कंपनी म्हणेल की आम्ही दिवसाला शंभर रुपयांची मर्यादा घालतो, वय तपासतो, पै न् पैचा हिशेब सरकारला देतो, आता बंदी उठवा. त्या दिवशी कायद्याला आपली कारणं पुन्हा शोधावी लागतील. कायकाचा प्रश्न त्या शंभर रुपयांनाही लागू राहील: हे कुणाच्या श्रमातून आले, आणि ते घेताना तुम्ही कुणाला काय दिलं?