ओठ सगळ्यात शेवटी

अ‍ॅनिमेशन शिकायला लागलेलं पोर सगळ्यात आधी ओठांच्या मागे लागतं. पात्राच्या तोंडी वाक्य द्यायचं म्हटलं की ध्वनिफीत फ्रेम-फ्रेम करून ऐकायची. 'प', 'ब', 'म' आले की ओठ मिटवायचे, 'आ'ला जबडा पाडायचा, 'ऊ'ला चंबू करायचा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे काम किचकटच. पण एवढं बिनचूक जमवूनही पडद्यावरचं पात्र बोलत नाही, नुसतं तोंड हलवत राहतं.

जाणती मंडळी उलट्या बाजूने सुरुवात करतात. ध्वनिमुद्रित झालेला संवाद पुन्हा पुन्हा ऐकायचा, आरशासमोर तो स्वतः करून पाहायचा आणि मग पात्राचं अंग आधी हलवायचं. तोंड तोवर बंदच.

समजा, लेक फोनवर सांगतेय, "मी बरी आहे गं आई." बोलण्याआधी तिची नजर खाली जाते, मागून मान. आधी डोळे, मग डोकं. बहुतेक वेळा हा क्रम उलटला की माणूस कळसूत्री वाटू लागतो. खांदे किंचित आत आलेत, बोटं ओढणीच्या टोकाशी चाळा करतायत. जोर एकट्या 'बरी'वर, आणि मानेचा हलका झटका त्या शब्दाच्या दोन-तीन फ्रेम आधी. प्रत्येक शब्दाला मान हलवली तर तिचा नंदीबैल होईल. ती बरी नाही, हे फोनवरच्या आईला दिसत नाही. प्रेक्षकाला ओठांकडे न पाहताही दिसतं.

निक पार्कच्या 'वॉलेस अँड ग्रॉमिट' या मातीच्या पात्रांच्या अ‍ॅनिमेशनपटांमधल्या ग्रॉमिट या कुत्र्याला तर तोंडच नाही. १९८९च्या 'अ ग्रँड डे आउट'पासून तो एक अक्षर बोललेला नाही. त्याच्या मालकाची, वॉलेसची, बडबड अखंड चालू असते आणि आपण बघत असतो ग्रॉमिटच्या मातीच्या कपाळाकडे. ते जरासं खाली दाबलं की मालकाच्या नव्या यंत्राबद्दलचं त्याचं मत कळतं.

आपल्याकडे शब्दभ्रमकार पाध्यांच्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याने हेच केलं. जबडा नुसता वर-खाली; त्यात 'प' कुठला आणि 'म' कुठला! पण तो मान वळवून पाध्यांकडे असा रोखून पाहायचा, की बोलतोय तोच, याबद्दल पोरांना शंका नसायची. (मोठ्यांनाही नसायची, ते कबूल करत नसत इतकंच.)

आता आवाजावरून ओठ जुळवायचं काम संगणक आपोआप करतो. करू दे की, ते तसंही हमाली कामच होतं. लेकीची बोटं ओढणीशी का चाळा करतायत, हे मात्र कुणीतरी आधी ठरवावं लागतं.

आज घरी एखादं कार्टून लागलं, तर पाच मिनिटं आवाज बंद करून पाहा. प्रसंग कळला तर अ‍ॅनिमेटर पक्का. नाही कळला, तर ओठ कितीही जुळलेले असोत, काम कच्चं.