आवाज ठीक

आमच्या दारात १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी उभी असते. कागदावर पद्मिनी, घरात सगळ्यांच्या तोंडी मात्र फियाटच. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगपाशी गिअर, थंडीत ओढावा लागणारा चोक. बाबांनंतर ती माझ्याकडे आली. मग पहिल्याच पावसाळ्यात मी तिला फार जपलं. हँडब्रेक घट्ट ओढला, जाड कव्हर घातलं आणि तीन महिने हात लावला नाही. दसऱ्याला हार घालायला कव्हर काढलं तर बॅटरी उतरलेली. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून जेट बंद झालेला. ढकलू म्हटलं तर मागचं चाक जागचं हलेना. ओलाव्यानं ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसले होते. मिस्त्रींनी चाक उघडलं, दोन टोले मारले आणि म्हणाले, "दुसरं काही नाही हो. बसून बसून आखडलीय."

मग मी रोज सकाळी जागेवरच गाडी सुरू करू लागलो. दोन मिनिटं घुर्रघुर्र, की बंद. वाटलं, झालं कर्तव्य. मिस्त्री हसले. इंजिन सुरू झालं की धुराबरोबर पाण्याची वाफही निघते. गाडी नीट तापली नाही तर ते पाणी सायलेन्सरमध्ये साचतं, ऑइलमध्ये उतरतं आणि आतून गंज धरतो. "बाबा दर रविवारी टेकडीपर्यंत जाऊन यायचे ना? तेच तिचं औषध," ते म्हणाले. वीसेक मिनिटं रस्त्यावर धावली की ऑइल सगळीकडे पोचतं, ओलावा उडतो, बॅटरी भरते, ब्रेक मोकळे राहतात. तेव्हापासून रविवारची फेरी ठरलेली.

पण नुसतं पळवूनही भागत नाही, हेही तिनंच शिकवलं. फेऱ्या जमायला लागल्या तशी हिंमत वाढली आणि एका सुट्टीत आम्ही काहीही न बघता कोकणात निघालो. घाटात तापमानाचा काटा चढत चढत लालवर गेला, बॉनेटमधून वाफ आली. फॅनबेल्ट सैल झाला होता. निघण्यापूर्वी अंगठ्यानं दाबून पाहिला असता तरी कळलं असतं. घरी आल्यावर बाबांची वही शोधून काढली. प्रत्येक फेरीची एक ओळ. तारीख, किलोमीटर, ऑइल, पाणी, हवा आणि शेवटी दोनच शब्द : 'आवाज ठीक.' मधेच कुठेतरी 'डावीकडून खरखर', आणि चार दिवसांनी 'ग्रीस भरलं. आवाज ठीक.' मुंबईत टॅक्सीवाले सकाळी बादली आणि फडकं घेऊन बॉनेट उघडायचे, तेही हेच करत असणार. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, ती वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. तोवर ती रोज राबत होती आणि रोज कुणीतरी तिच्याकडे बघत होतं. आता मीही किल्ली फिरवण्याआधी पाच मिनिटं देतो. ऑइलची पट्टी पुसून बघायची, रेडिएटरचं पाणी बघायचं ते इंजिन थंड असतानाच, बेल्ट दाबायचा, टायरवर नजर टाकायची. पुढची पाच मिनिटं रेडिओ लावायचा नाही. नुसतं ऐकायचं.

घरात अशा कितीतरी गोष्टी असतात. कपाटावरची वाजवायची पेटी. आईची ठेवणीतली पैठणी, जी नेसली नाही तरी घडीवर विरतेच. आपले गुडघे. आणि माणसं. काही नाती आपण इतकी जपतो की तिथं जाणंच होत नाही. दिवाळीला एक शुभेच्छा पाठवली की जागेवर इंजिन घुरघुरवल्यासारखं होतं. सुरू झालं, पण तापलं नाही. आणि काही नाती आपण रोज वापरतो, पण ती कशी चालली आहेत ते बघायचं राहून जातं. सकाळचा चहा करून देणारं माणूस, बसची वेळ सांभाळणारं पोर, शेजारच्या टेबलावरचा सहकारी. घाटात वाफ आली की मगच आपण बॉनेट उघडतो. दोन्हीकडे लागतं ते थोडंसंच : थोडं चालवणं आणि चालवताना कान उघडा ठेवणं. आज निघण्यापूर्वी अशा एखाद्या माणसाला काही काम नसताना फोन करून बघा. किंवा स्वयंपाकघरात उभं राहून दोन मिनिटं खरंच विचारा, झोप लागली का. उत्तराकडे लक्ष असू द्या. कुठे खरखर ऐकू आलीच, तर संध्याकाळी थोडा वेळ काढता येईल. नाही आली, तर मनातल्या वहीत दोन शब्द लिहा आणि कामाला लागा. आवाज ठीक.